रॅकवर 630, बिलात 672: सुपरमार्केटातल्या दराच्या चुका आणि रिफंड, कोल्हापूरकरांनो तुमचा अनुभव सांगा

हिशेबवही

मंडळी, महिन्याचा किराणा मी राजारामपुरीजवळच्या एका मोठ्या सुपरमार्केटातून भरते. दुकानाचं नाव टाकणार नाही, कारण हे एकाच दुकानापुरतं आहे असं मला वाटत नाही आणि मला कुणाची बदनामी पण करायची नाही, मला उत्तर पायजे.

तर झालं असं, एक लिटरचा तुपाचा डबा घेतला. रॅकच्या पट्टीवर 630. डब्यावर छापील एमआरपी 672 आणि त्याच्या शेजारीच पांढरा स्टिकर, सुधारित एमआरपी 630, कारण तुपावरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 टक्क्यांवरून 5 वर आला. घरी येऊन बिल बघते तर 672 लावलेत. बिलावर वस्तूंची नावं अशी तोडून छापतात की कुठली ओळ कशाची हे कळायलाच वेळ लागतो, सगळं इंग्रजीत, माझ्या सासूबाईंना चष्मा लावून पण पत्ता लागत नाही. आणि तो कागद असला की चार दिवस फ्रीजवर लावून ठेवला तर अक्षरं पुसट व्हायला लागतात.

परत गेले. डेस्कवरचा मुलगा म्हणाला, मॅडम सिस्टीममध्ये हाच रेट आहे. डबा समोर ठेवला, स्टिकर दाखवला, तेव्हा म्हणाला फरकाचं कूपन देतो, पंधरा दिवसांत वापरा, पैसे परत द्यायची आमची पॉलिसी नाही. अहो मी पैसे यूपीआयने दिलेत, तुम्ही जास्त घेतलेत, मग मला कूपन कशासाठी? कूपन घेतलं नाही, मॅनेजर जेवायला गेलेत म्हणून परत पाठवलं.

पण मला खरं लागलं ते वेगळंच. मी तिथं उभी असताना शेजारच्या काउंटरवर एका आजोबांच्या पिशवीत तोच डबा गेला आणि स्क्रीनवर 672 च आले. त्यांनी बिल घडी घालून खिशात टाकलं. मला 42 रुपये मिळाले तरी त्यांचं काय? दिवसभरात असे किती डबे गेले असतील? म्हणून विचारते, फक्त स्वतःचा फरक मागून गप्प बसायचं, की दर दुरुस्त करून घ्यायचा कायतरी मार्ग आहे?

फुलेवाडीचा_भाऊ

ताई राग मानू नका पण 42 रुपयांसाठी परत जायचं म्हणजे पेट्रोल गेलं, वेळ गेला, वर डोक्याला ताप. आमच्याकडं कोण बिलच बघत नाही. सुपरमार्केटात एमआरपीपेक्षा स्वस्तच लावतात, एकूण हिशेबात फायदाच असतोय की.

हिशेबवही

दादा, बिल बघितलं नाही तर फायदा झाला हे कशावरून कळलं? "आपण वाचवले अमुक रुपये" असं बिलाच्या तळाला छापलेलं असतं तेवढ्यावरूनच ना? ती रक्कम एमआरपीतून धरलेली असते. जुना एमआरपी धरला तर बचत पण फुगून दिसते, तुम्हीच बघा.

जुना_कॅशियर

मी कावळा नाक्याच्या बाजूच्या एका सुपरमार्केटात काउंटरला होतो, आता ते काम सोडलंय, म्हणून मोकळेपणानं सांगतो. हे होतंय कसं ते आधी समजून घ्या.

एकाच वस्तूचा बारकोड एकच असतो, पण दुकानात जुन्या छापाचा माल आणि नव्या छापाचा माल एकाच वेळी असतो. मग बारकोड मारला की स्क्रीनवर छोटी चौकट उघडते, त्यात दोन-तीन एमआरपी दिसतात, 672, 630, कधी त्याच्याही आधीचा. कॅशियरनं डब्यावरचा आकडा बघून बरोबर ओळ निवडायची असते. शनिवारी संध्याकाळी रांग दारापर्यंत गेलेली असते, मागनं लोक "आवरा की" म्हणालेले असतात, आणि हात आपोआप वरच्या ओळीवर एंटर मारतोय. डबा फिरवून स्टिकर बघायला जो वेळ लागतो तो त्या पोरीला कोण देत नाही. जीएसटी कमी झाल्यावर साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटं, तूप, लोणी सगळ्यांचे दर एका रात्रीत बदलले, त्या आठवड्यांत तर नुसता गोंधळ झाला असणार.

दुसरं कारण रॅकवरच्या पट्ट्या. स्कीम रात्री बारा वाजता सिस्टीममध्ये आपोआप बदलते, पण पट्टी आपोआप बदलत नाही, ती सकाळी प्रिंट काढून पोरांनी हातानं लावायची असते. दोन पोरं आणि अख्खा मजला. मधल्या रॅकच्या बदलतात, पण टोकाला जे ढीग रचलेले असतात ना, एकावर एक मोफतवाले, तिथली पाटी राहून जाते. स्कीम कालच संपलेली, पाटी आज पण लटकलेली. जास्त भांडणं तिथंच होतात.

तिसरं, भाजीचा काटा. काट्यावरचा पोरगा बटण दाबतो त्यावर दर ठरतो. साध्या सफरचंदाला परदेशी सफरचंदाचं बटण दाबलं की संपलं. पिशवीला चिकटवलेलं लेबल तिथंच वाचायचं, कारण काउंटरवर फक्त ते लेबल स्कॅन होतंय, आत काय हाय ते कोण बघत नाही.

आणि एक विनंती आहे. काउंटरवरच्या पोरीवर ओरडू नका. बिलातली ओळ काढायचा किंवा दर बदलायचा अधिकार तिच्याकडं नसतोच, सुपरवायझरनं येऊन स्वतःचा पासवर्ड टाकल्याशिवाय मशीन ऐकत नाही. तुम्ही सरळ म्हणा, "सुपरवायझरला बोलवा." पैसे द्यायच्या आधी म्हणालात तर काम मिनिटात होतंय. बिल फायनल झाल्यावर तेच काम रिफंडमध्ये जातंय आणि मग फॉर्म, सही, मॅनेजर सगळं आलं.

शाहूपुरी_वकिली

चर्चा चांगली चाललीय, कायद्याचं थोडं लिहितो, कारण "पॉलिसी" हा शब्द ऐकला की आपले लोक उगाच मागे सरतात.

बंद पाकिटातल्या वस्तूवर छापलेल्या एमआरपीपेक्षा जास्त घेणं हा गुन्हाच आहे. वैधमापन शास्त्र कायदा 2009 आणि त्याखालचे आवेष्टित वस्तूंचे 2011 चे नियम. एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, वरून काही लावता येत नाही. आता स्टिकरचा मुद्दा, तो लोकांना माहीत नसतो. स्टिकर लावून एमआरपी कमी करता येतो, वाढवता येत नाही, आणि स्टिकरनं मूळ छापील आकडा झाकायचा नाही. म्हणजे डब्यावर दोन आकडे दिसले तर कमी असलेला आकडा हाच एमआरपी. हिशेबवही ताईंच्या बाबतीत 630 च्या वर घेतलेला प्रत्येक रुपया बेकायदा. ही तक्रार वैधमापन शास्त्र विभागाकडे जाते, आपण ज्यांना वजनमापंवाले म्हणतो ते.

दुसरी परिस्थिती अशी: एमआरपी 200, रॅकवर पाटी 149, बिलात 179. इथं एमआरपी मोडलेला नाही, त्यामुळे वजनमापंवाले फार काही करणार नाहीत. पण पाटी लावून एक दर दाखवायचा आणि काउंटरवर दुसरा घ्यायचा, हे ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली दिशाभूल आणि अनुचित व्यापारी प्रथा म्हणून मांडता येतं. त्यासाठी पुरावा म्हणजे पाटीचा फोटो, त्यात वस्तू आणि पाटी दोन्ही आलं पाहिजे. परत गेल्यावर पाटी काढलेली असते, म्हणून शंका आली की आधीच फोटो काढा.

रिफंडबद्दल. त्याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथेची व्याख्या आहे, त्यात दोन गोष्टी स्पष्ट आहेत. बिल न देणं ही अनुचित प्रथा. आणि सदोष माल परत घ्यायला, पैसे परत द्यायला नकार देणं ही पण. मुदत बिलावर लिहिली असेल तर ती, नसेल तर 30 दिवस. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी सदोष मालाला लागूच होत नाही. मात्र एक लक्षात घ्या, माल चांगला आहे पण मला रंग आवडला नाही, घरात आधीच एक डबा होता, अशा वेळी परत घेणं हे दुकानाच्या मर्जीवर आहे, तिथं त्यांची पॉलिसी चालते. लोक या दोन गोष्टींची सरमिसळ करतात आणि मग भांडण भलतीकडेच जातं.

आणि जास्त घेतलेले पैसे हा तर यातला कुठलाच प्रकार नाही. तो रिफंड नव्हेच, ते तुमचेच पैसे आहेत जे त्यांच्याकडे चुकून गेले. त्यावर कूपन घ्यायची सक्ती कुणी करू शकत नाही.

लक्ष्मीपुरीतलं_दुकान

आमचं तीन पिढ्यांचं धान्य-किराणा दुकान. मोठ्या दुकानांवर बोलायला मला आनंद नाही, चुका आमच्याकडं पण होतात, पण आमच्याकडं गिऱ्हाईक समोर उभं असतंय आणि आमचा दादा स्वतः गल्ल्यावर. चूक निघाली की तिथल्या तिथं खोडून दुसरा आकडा. जीएसटी बदलला तेव्हा कंपनीच्या माणसानं सुधारित दरांची यादी आणून दिली, आम्ही ती काउंटरलाच चिकटवली, म्हटलं ज्याला बघायचंय त्यानं बघावं. जुना माल आमच्याकडं जुन्या दरानं आलेला होता तरी नव्या दरानं दिला, फरक मागनं कंपनीकडनं मिळवायला आम्हाला फिरावं लागलं, ते गिऱ्हाईकाच्या डोक्यावर का टाकायचं?

सुट्या मालाबद्दल एक सांगतो, कारण तिथं एमआरपी नसतोय. सुटी डाळ, गूळ, घनसाळ तांदूळ घेताना काटा तुमच्याकडं तोंड करून पायजे आणि त्यावर पडताळणीचा शिक्का पायजे. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर वर्षी करून घ्यावी लागते. मिठाई खोक्यासकट तोलून देत असतील तर सरळ नाही म्हणा, खोक्याचं वजन मिठाईच्या भावानं घ्यायचा कुणाला हक्क नाही.

कळंबा_कट्टा

एक उलटा प्रश्न. परवा बिल बघितलं तर पाच लिटर तेलाचा कॅन बिलात आलाच नव्हता, खाली ट्रॉलीत होता, स्कॅन करायचा राहिला. मित्र म्हणाला गप बस, ते आपल्याला किती वेळा लुटतात. मी परत जाऊन पैसे भरले. मित्र अजून मला खुळ्यात काढतोय. तुमचं काय मत?

जुना_कॅशियर

भावा, लई चांगलं केलंस. मालकाचं नुकसान झालं असतं असं लोकांना वाटतंय. मी होतो तिथं स्टॉक मोजल्यावर फरक आला की काउंटरवाल्यांची चौकशी व्हायची, गल्ला जुळला नाही तर पगारातनं कापायचे. पाच लिटर तेलाचे पैसे म्हणजे त्या पोरीच्या दोन-तीन दिवसांच्या पगाराएवढे. ती पाचगावहून बसनं येणारी असती, तिला कळलं पण नसतं कुठल्या गिऱ्हाइकाकडं राहिलं ते.

हिशेबवही

कळंबा_कट्टा, तुमच्या मित्राला हा धागा वाचायला द्या. आपण 42 रुपये मागताना ताठ मानेनं मागायचे असतील तर तेल पण भरावं लागतंच.

पोर्ल्याची_सून

माझा दराचा नाही, मालाचा विषय आहे. बंद पाकिटातली तूरडाळ आणली, मुदत संपायला चार महिने होते, घरी फोडली तर सोंडे. दुकानवाले म्हणाले पाकीट फोडलंय, परत घेणार नाही. आता न फोडता आत सोंडे आहेत हे कळणार कसं? दीर म्हणाले टाकून दे. मी टाकली नाही. पाकीट तसंच क्लिप लावून ठेवलंय, फोटो काढलेत. पुढं काय करायचं?

शाहूपुरी_वकिली

वहिनी, टाकली नाहीत हे सगळ्यात बरं केलंत. पाकिटावरचा बॅच नंबर, पॅकिंगची तारीख आणि कस्टमर केअरचा पत्ता-नंबर याचा स्वच्छ फोटो काढा, बिलाचा पण काढा. पाकिटावर ग्राहक तक्रारीसाठी संपर्क देणं सक्तीचं आहे, तिथं मेल करा, बऱ्याच कंपन्या माणूस पाठवून नमुना घेऊन जातात आणि बदलून देतात. सगळी डाळ देऊ नका, थोडी स्वतःकडे ठेवा. दुकानाच्या बिलावर 14 आकडी एफएसएसएआय नंबर, म्हणजे अन्न परवान्याचा नंबर असतो, 1 जानेवारी 2022 पासून तो बिलावर छापणं बंधनकारक आहे, अन्न सुरक्षेची तक्रार करताना तो लागतो. फोडलेलं पाकीट हे कारण इथं चालत नाही, दोष आतच आहे.

मिरजकर_तिकटी

मोबाईल नंबर दिल्याशिवाय बिलच निघत नाही म्हणतात त्यांना काय सांगायचं? आणि पिशवीचे वेगळे पैसे?

शाहूपुरी_वकिली

नंबर द्यायची सक्ती नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं मे 2023 मध्येच दुकानदारांना तसं कळवलंय. "नंबर नाही, बिल द्या" एवढंच म्हणायचं. पिशवीबद्दल राष्ट्रीय ग्राहक आयोगानं डिसेंबर 2020 मध्ये एका मोठ्या साखळी दुकानाविरुद्ध निकाल दिलाय, आधी न सांगता काउंटरवर पिशवीचे पैसे लावणं ही अनुचित प्रथा ठरवली. आपल्या कापडी पिशव्या घेऊन गेलेलं उत्तम, पण आत नेऊ देत नसतील तर वाद घालायला हरकत नाही.

उचगावकर

आमच्या लहानपणी वडील ग्राहक पंचायतीच्या बैठकांना जायचे. बिंदुमाधव जोशींनी 1974 मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, 1986 चा ग्राहक कायदा यायच्या आधी बारा वर्षं ही माणसं वजनमापं तपासत हिंडत होती. वडील आठवडी बाजारात जाताना खिशात अर्धा किलोचं पडताळलेलं वजन घेऊन जायचे, आई वैतागायची, पण आमच्या गल्लीतल्या बायका त्यांच्याकडनं तोलून घ्यायला यायच्या. ताईंनी आजोबांचं लिहिलंय ते वाचून हे आठवलं. ज्याला दिसतंय त्यानं बोलायचं, ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी पण.

हिशेबवही

अपडेट देते. सगळ्यांचे आभार, विशेषतः जुना_कॅशियर आणि वकीलसाहेब.

परत गेले तेव्हा आधी रॅककडे गेले. डबे रचलेले होते, पट्टी 630, डब्यावर स्टिकर, सगळ्याचा एकत्र फोटो घेतला. मग डेस्कवर सुपरवायझर बाईंना बोलवायला सांगितलं. आवाज चढवला नाही. म्हटलं, हे बिल, हा फोटो, माझे 42 रुपये यूपीआयला परत पाठवा, आणि दुसरं म्हणजे सिस्टीममधली 672 ची ओळ बंद करा, कारण दुकानात आता स्टिकर नसलेला डबाच नाही. त्या आधी म्हणाल्या ते हेड ऑफिसवरून होतं. मी म्हटलं मग माझ्यासमोर हेड ऑफिसला मेल करा आणि मला तक्रार नंबर द्या, नाहीतर मी 1915 ला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करते. 1915 म्हटल्यावर मॅनेजर बाहेर आले.

पैसे तिथंच परत आले. ओळ मात्र लगेच बंद झाली नाही, म्हणून मी 1915 वर तक्रार केलीच. तिथं मराठीत बोलता येतं, व्हॉट्सॲपवर 8800001915 ला पण करता येते. तक्रारीत मी माझ्या पैशाचा विषयच ठेवला नाही, ते मिळाले असं स्पष्ट लिहिलं. लिहिलं ते असं: "अमुक वस्तूचा सुधारित एमआरपी 630 असताना दुकानाच्या बिलिंग यंत्रणेत 672 हा दर चालू आहे. तो बंद करावा आणि ज्या ग्राहकांकडून जास्त रक्कम घेतली गेली त्यांची नोंद यंत्रणेत असल्याने त्यांना ती परत करावी." ज्यांनी मोबाईल नंबर दिलेत त्यांची बिलं यांच्याकडे आहेतच, ऑफरचे मेसेज पाठवायला तो नंबर वापरता येतो तर पैसे परत द्यायला का नाही?

आता काउंटरवर चौकट उघडली की फक्त 630 येतो, शेजारच्या बाईंनी तूप घेतलं तेव्हा बघितलं. जुन्या ग्राहकांच्या पैशाबद्दल अजून उत्तर नाही, दुकानाकडून "तपासत आहोत" एवढंच आलंय. पाठपुरावा करते.

शाहूपुरी_वकिली

तक्रारीचा मसुदा उत्तम आहे. हेल्पलाइननं नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, आपल्या कोल्हापुरातच. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागत नाही, ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होते. घटनेपासून दोन वर्षांच्या आत करायची. दुकान कंपनीचं मुख्यालय कुठं का असेना, तुम्ही राहता तिथं तक्रार करता येते, हा 2019 च्या कायद्यातला मोठा फायदा आहे. बिलाचा थर्मल कागद पुसट व्हायच्या आत झेरॉक्स काढून ठेवा.

फुलेवाडीचा_भाऊ

ताई, काल घरातली बिलं काढून बसलो. टूथपेस्टचं मोठं पाकीट, एमआरपी 236 चा 210 झालाय, स्टिकर हाय, बिलात 236. वडिलांनी आणलेलं. दुकान वेगळंच हाय, तुमचं नव्हे. पाकीट अजून फोडलेलं नाही. फोटो काढलाय, आज संध्याकाळी जातो, सुपरवायझरलाच गाठतो. ओळ बंद करायला पण सांगतो.

हिशेबवही

जावा दादा. पट्टीचा फोटो आधी, डेस्क नंतर. काय झालं ते इथंच लिहा.